लहानपणी डोक्याला 'लाईट' (रेडिएशन) घेतलेली मुलं मोठी झाल्यावर : कोणाला अनुभव आहे का?

पाणंद | ३ जुलै, रात्री ११:१०

लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

माझ्या धाकट्या भावाला गेल्या रविवारी दुकानात फेफरं आलं. घरात त्याला बाबू म्हणतात, इथेही तेच म्हणतो. मालवणजवळ आमचं किराणा दुकान आहे. तांदळाच्या पोत्यांवर पडला म्हणून डोकं शाबूत राहिलं. गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात नेलं. एमआरआयमध्ये मेंदूच्या आवरणाला चिकटलेली तीन सेंटिमीटरची गाठ दिसली. मेनिंजिओमा म्हणाले. हे ऐकल्यापासून आई धड जेवत नाही. तिच्या मते शहाण्णवची गाठच परत आली.

शहाण्णव साली बाबू सात वर्षांचा होता. सकाळी उठला की भडाभडा ओकायचा आणि दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देत चालायचा. आधी जंत झाले, मग पित्त, मग बाहेरचं. शेवटी मुंबईत कळलं, लहान मेंदूत गाठ आहे, मेड्युलोब्लास्टोमा. कोकण रेल्वे तेव्हा आमच्यापर्यंत सुरू झाली नव्हती. वडिलांनी त्याला मांडीवर घेऊन रात्रभर एसटीने नेलं. ऑपरेशन झालं, मग डोक्याला आणि अख्ख्या पाठीच्या कण्याला लाईट. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत दोघांचा मुक्काम. रोज त्याला पालथं झोपवून साच्यात तोंड घालायचे. तो साचा त्याने हट्टाने घरी आणला होता. पुढे कितीतरी वर्षं त्यात आमची मांजर झोपायची.

बाबू वाचला. नवस फेडले. पाच वर्षं झाल्यावर वडील म्हणाले, आता यायची गरज नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. आता वाटतं, डॉक्टर 'वर्षातून एकदा या' म्हणाले असतील आणि वडिलांनी आपल्याला हवं तेवढंच ऐकलं असेल. वडील आता नाहीत.

बाबू आज छत्तीसचा. उंची पावणेपाच फूट. धड आखूड, त्यामानाने हातपाय लांब. शर्ट अंगात बसला तर बाह्या तोकड्या पडतात. दहावी दोनदा नापास. शाळेत 'ढ' आणि घरी 'आळशी', हे मी स्वतःसुद्धा म्हटलंय. पंचवीसचे तीन नारळ घेऊन गिऱ्हाइकाने शंभराची नोट दिली तर बाबू बरोबर पंचवीसच परत देतो, पण मिनिटभराने. आजवर एकदाही चुकलेला नाही. तेवढ्यात मागचा माणूस म्हणतो, "अरे बाबू, झोपलास काय?" भजनातही तेच. झांज त्याच्याकडे असते. संथ चालीत एकदम पक्का. गजर चढला की मागे पडतो, आणि मग झांज मांडीवर ठेवून गप्प बसतो.

जुनी फाईल वाळवीने खाल्ली. केस नंबराचं पिवळं कार्ड तेवढं पत्र्याच्या ट्रंकेत सापडलं. हे सगळं एकाच धाग्यात ओवलेलं आहे का? की गाठ वेगळी, उंची वेगळी, मंदपणा वेगळा? आणि आता आणखी काय बघायला हवं?

---

दवाखाना_लांजा | ४ जुलै, सकाळी ७:३५

पाणंद, मी साधा जनरल प्रॅक्टिशनर. तीस वर्षांत असे दोनच रुग्ण पाहिले, त्यामुळे निर्णय तुमच्या न्यूरोसर्जनचाच. पण तुमच्या प्रश्नाला उत्तर 'हो' असंच आहे. एकच धागा.

आधी आईंना हे सांगा, की जुनी गाठ परत आलेली नाही. मेड्युलोब्लास्टोमा लहान मेंदूतल्या पेशींपासून होतो. मेनिंजिओमा आवरणाचा असतो, जात वेगळी, बहुतेक वेळा संथ वाढणारी आणि साधी. मात्र ती उगवण्यामागे लाईटचा हात असू शकतो. १९४८ ते १९६० या काळात इस्रायलमध्ये दहा हजारांहून जास्त मुलांना डोक्यातल्या नायट्यासाठी क्ष-किरण दिले होते. मेंदूपर्यंत पोचलेला डोस जेमतेम दीड ग्रे (ग्रे म्हणजे लाईट मोजायचं माप). तरीही त्या मुलांमध्ये पुढे मेनिंजिओमा इतरांच्या कितीतरी पट निघाले, आणि तेही बऱ्याच वर्षांनी. तुमच्या भावाला याच्या वीस-पंचवीस पट मिळाले असणार. वीस-तीस वर्षांनी मेनिंजिओमा सापडणं या रुग्णांत नवलाचं नाही.

उंचीचं म्हणाल तर कारणं दोन. कण्याच्या मणक्यांना लाईट लागली की ते पुरते वाढत नाहीत, म्हणून धड आखूड. दुसरं, डोक्याच्या मध्यभागी पियुषिका ग्रंथी (पिट्युटरी, संप्रेरकांचा म्हणजे हार्मोन्सचा कारभार बघणारी) आणि तिच्यावरचा हायपोथॅलॅमस. ढोबळमानाने अठरा ग्रेच्या वर वाढीचं संप्रेरक सगळ्यात आधी कमी होतं. तीसच्या पुढे गेलात की थायरॉइड आणि कॉर्टिसॉल (शरीराला ताण झेलायला लागणारं संप्रेरक) यांना हुकूम सोडणारी संप्रेरकंही जाऊ शकतात, कधी दहा-पंधरा वर्षांनी.

मंदपणा म्हणजे बुद्धी गेली असं नव्हे. मेंदूतल्या तारांवर एक वेष्टन असतं. ते बनवणाऱ्या पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या लाईटने दुखावतात. निरोप पोचतो, पण पॅसेंजरने. मूल शिकलेलं विसरत नाही, नवीन शिकण्याचा वेग कमी पडतो. म्हणून पहिली-दुसरीत चालून जातं आणि सातवी-आठवीत अंतर डोळ्यांत भरतं. लाईट घेताना वय जितकं लहान तितका फटका मोठा.

आता महत्त्वाचं. थायरॉइड तपासली आहे का? कोणती तपासणी केली?

---

पाणंद | ४ जुलै, सकाळी ९:०२

केलीय ना. तीनदा. सुस्ती, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ यासाठीच. टीएसएच प्रत्येक वेळी नॉर्मल. त्यावरच तर एका डॉक्टरांनी "काही आजार नाही, कामाला लावा" असं सांगितलं होतं.

---

दवाखाना_लांजा | ४ जुलै, सकाळी ९:४०

हीच भीती होती. टीएसएच पियुषिका सोडते. नेहमीच्या आजारात थायरॉइड थकते, म्हणून पियुषिका ओरडून टीएसएच वाढवते. इथे ओरडणाराच झोपला असेल, तर टीएसएच नॉर्मलच दिसणार. फ्री टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) सोबत केल्याशिवाय या रुग्णांत तो रिपोर्ट बिनकामाचा. त्याबरोबर सकाळी आठचं कॉर्टिसॉलही करा, आणि हे ऑपरेशनच्या आधी करा. कॉर्टिसॉल कमी असताना भूल दिली किंवा मोठा ताप आला तर रक्तदाब कोसळतो. दोन्ही कमी निघाली तर आधी स्टिरॉइड, मग थायरॉइडची गोळी. उलटं केलं तर जिवावर बेतू शकतं. एंडोक्रायनॉलॉजिस्टला (संप्रेरकांच्या डॉक्टरांना) दाखवा, फोनवर भागवू नका.

---

सडेतोड | ४ जुलै, दुपारी १:१५

कशाला लोकांना घाबरवताय? माझ्या भाच्याला रक्ताचा कॅन्सर होता, आज इंजिनिअर आहे, ठणठणीत. सगळ्यालाच लाईट जबाबदार धरायचं असेल तर घेऊच नये. आपल्याकडे जडीबुटीने बरे झालेले किती तरी आहेत.

---

खाडीपलीकडची | ४ जुलै, रात्री ९:२०

सडेतोड, तुमच्या भाच्याला डोक्याला लाईट दिली होती का, ते आधी विचारा. बहुधा नसेलच.

मी स्वतः रक्ताच्या कॅन्सरमधून वाचलेली. वेंगुर्ल्याची, वय ४२. १९८७ साली चार वर्षांची असताना डोक्याला अठरा ग्रे. गाठ नव्हती, तरीही दिली. का, ते मोठेपणी शोधलं. साठच्या दशकात औषधांनी रक्त साफ व्हायचं, पण कॅन्सरच्या पेशी मेंदूच्या पाण्यात लपून बसायच्या आणि तिथून परत यायच्या. अमेरिकेत सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी १९६७-६८ च्या सुमारास डोक्याला लाईट देऊन ती वाट बंद केली, तेव्हा कुठे निम्मी मुलं बरी व्हायला लागली. मग डोस चोवीसचा अठरा झाला, अठराचा बारा. २००९ मध्ये त्याच रुग्णालयाने दाखवून दिलं की औषधं नीट आखली आणि ती कण्यातून दिली तर लाईट अजिबात न देताही चालतं. आज बहुतेक मुलांना ती देत नाहीत. म्हणजे मी आहे अधल्यामधल्या पिढीतली. लाईट नसती तर बहुधा हा प्रतिसाद लिहायला मी नसते. तिने काय नेलं हे सांगायचा हक्कही मला तेवढाच आहे.

काय नेलं? आठव्या वर्षी पाळी आली. वर्गात मी सगळ्यांत उंच. आई खूश, लाईट घेऊनही मुलगी वाढतेय म्हणून. अकराव्या वर्षी उंची थांबली ती थांबलीच. चार फूट सात इंच. पुढे कळलं की वयात लवकर आल्यामुळे हाडांची टोकं लवकर मिटली, आणि वाढीचं संप्रेरक कमी आहे हे त्या तात्पुरत्या उंचीखाली झाकलं गेलं. तेव्हा मनगटाचा एक एक्स-रे काढून हाडांचं वय बघितलं असतं तर समजलं असतं. वजन चाळिशीच्या आधीच सुटलं, साखर काठावर.

डोकं चालतं हो माझं. बालवाडी चालवते. पण कोणी एका दमात तीन कामं सांगितली की तिसरं गळतं. म्हणून गळ्यात दोरीने वही. मुलं म्हणतात, बाईंचा मोबाईल कागदाचा आहे.

लग्नाची स्थळं आली तेव्हा काय झालं ते इथे नको.

---

चिकूची_आई | ५ जुलै, रात्री १२:३०

झोप येत नव्हती म्हणून धागा उघडला आणि आता तर येणारच नाही. आम्ही दापोली तालुक्यातले. माझी लेक २०१६ मध्ये सहा वर्षांची होती, बाबूंचाच आजार. तिला डोक्याला आणि कण्याला २३.४ ग्रे, मग मागच्या भागाला वाढवून ५४ पर्यंत. त्यानंतर किमो. आता दहावीत आहे.

फरक एवढाच की आम्हाला डॉक्टर बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, उपचार संपले तरी तुम्ही सुटणार नाही. तेव्हा राग आला होता. आता त्या बाईंचे पाय धरावेसे वाटतात.

कान किमोने गेले, सिस्प्लॅटिन या औषधाने, त्यात लाईटची भर. मोठे आवाज ऐकू येतात, म्हणून वर्षभर आमच्या लक्षातच आलं नाही. तिला 'स', 'श', 'च' ऐकू यायचे नाहीत. "चहा" म्हटलं की "हा?" म्हणायची. आम्ही रागवायचो, नीट लक्ष दे म्हणून! आता दोन्ही कानांना मशीन आहे. पावसाळ्यात दमट हवेने बंद पडतं, म्हणून रात्री डब्यात सिलिकाच्या पुड्यांसोबत ठेवते.

वाढीच्या संप्रेरकाचं इंजेक्शन रोज रात्री. उपचार संपून वर्षभर गाठ शांत आहे हे बघून मगच सुरू केलं. त्याने गाठ परत येते का, हा माझा पहिला प्रश्न होता. तसं दिसलेलं नाही असं डॉक्टरांनी समजावलं. इंजेक्शन फ्रीजमध्येच ठेवावं लागतं, दोन ते आठ अंशांत. आणि ३ जून २०२० ला आलं निसर्ग चक्रीवादळ! माड आडवे, पोफळी आडव्या, घराची कौलं उडाली, आणि वीज किती आठवडे नव्हती ते विचारू नका. दीड महिन्याची इंजेक्शनं फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी आमचे हे ती थर्मासमध्ये घालून निघाले, रस्त्यावर पडलेल्या झाडांखालून वाकत, वरून चढत. दापोलीत एका मेडिकलवाल्याचा जनरेटर चालू होता. त्याने आइस्क्रीम फेकून जागा केली. पैसे विचारले तर म्हणाला, "वहिनी, आइस्क्रीम तसंही कोण खाणार होतं." एक सांगते, बर्फ थेट लागू देऊ नका, गोठलं तर औषध वाया. पंच्यात गुंडाळून ठेवायचं.

---

सड्यावरचो | ५ जुलै, सकाळी ६:५०

वाचून डोळ्यांत पाणी इला. आमच्या वाडीत एक झिल असोच होतो. सगळे बावळो म्हणत. आवस म्हणायची, "तेका लाईट दिलेली हा, तेच्यामुळे जाला." सगळे हसायचे तिका. बरोबर तीच होती.

---

दूरदेशी | ५ जुलै, दुपारी ४:१०

राजापूरच्या माझ्या मावसभावाचं इथेच टाकतो. लहानपणी त्याला लाईट दिलेली, गेल्या वर्षी बत्तिसाव्या वर्षी अचानक डोकं भयंकर दुखलं, एक बाजू लुळी, बोलणं तोतरं. सगळ्यांनी पक्षाघात ठरवला. एमआरआयमध्ये मेंदूच्या घड्या एका बाजूला उजळलेल्या. कोणी म्हणालं गाठ परत आली, तुकडा काढून बघू. पुण्याच्या न्यूरोलॉजिस्टने थांबवलं. म्हणाले, जुन्या लाईटनंतर कित्येक वर्षांनी अर्धशिशीसारखा झटका येतो, त्याला 'स्मार्ट सिंड्रोम' म्हणतात. नाव ऐकून मावशी म्हणाली, यात हुशारी कसली? तीन आठवड्यांत तो पुन्हा चालायला लागला. पण हे गृहीत धरून घरी बसू नका. खरा पक्षाघातही या लोकांना लवकर येतो, कारण रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांचा हिशेब चाळिशीपर्यंत लांबवायचा नाही.

---

सडेतोड | ५ जुलै, संध्याकाळी ६:००

भाच्याला विचारलं. डोक्याला लाईट नव्हती. फक्त कण्यात सुया. माझे शब्द मागे.

---

आबा_गुहागर | ५ जुलै, रात्री ८:४५

असा प्रतिसाद या संस्थळावर दहा वर्षांत पहिल्यांदा वाचला. जपून ठेवा रे.

माझा प्रश्न. नातवाला (नऊ वर्षं) बाबूचाच आजार आत्ता निघालाय. प्रोटॉन नावाची नवी लाईट म्हणे काहीच अपाय करत नाही. खरं का?

---

दवाखाना_लांजा | ६ जुलै, सकाळी ७:१०

आबा, 'काहीच नाही' हे खरं नाही. नेहमीचा क्ष-किरण अंगातून आरपार जातो, वाटेतल्या आणि पुढच्या सगळ्याला लागतो. प्रोटॉन ठरावीक खोलीवर जाऊन आपला बहुतेक जोर सोडतो आणि तिथेच थांबतो. कण्याला देताना गळ्यातली थायरॉइड, हृदय, आतडी, मुलीची अंडाशयं वाचतात. हा फायदा मोठा. पण मेड्युलोब्लास्टोमात अख्ख्या डोक्याला लाईट द्यावीच लागते, तिथे मेंदू तो मेंदूच. त्यामुळे पियुषिका आणि अभ्यासाचा वेग यांवर लक्ष ठेवायचंच. आपल्याकडे चेन्नईत २०१९ पासून आणि खारघरला टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये २०२३ पासून प्रोटॉन आहे. विचारून बघा, पण रांगेसाठी उपचार लांबवू नका. ऑपरेशननंतर लाईट वेळेत सुरू होणं जास्त मोलाचं.

आणि जडीबुटीचा विषय कोणी परत काढायच्या आधी सांगतो. १९२५ मध्ये कुशिंग आणि बेली यांनी या गाठीला नाव दिलं, तेव्हा निव्वळ ऑपरेशनवर जवळजवळ कोणीच वाचत नसे. मुलं जगायला लागली ती अख्ख्या डोक्या-कण्याला लाईट देऊ लागल्यावर. आज गाठ पसरलेली नसेल तर दहातली साधारण आठ मुलं पाच वर्षांचा टप्पा ओलांडतात.

---

पाणंद | १२ जुलै, रात्री १०:२५

सगळ्यांचे आभार मानायला बसलो तर रात्र सरेल.

फ्री टी-४ कमी. टीएसएच पुन्हा नॉर्मल! सकाळचं कॉर्टिसॉलही कमी. कुडाळहून रक्त पाठवलं होतं. रिपोर्ट हातात आल्यावर मी दुकानाच्या पायरीवर बसलो. वीस वर्षं आम्ही ज्याला आळस म्हणत होतो त्याला रोजच्या दोन गोळ्या होत्या. सगळं गोळ्यांनी जाणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलंय. तरी.

कोकणकन्येने मुंबईला गेलो. पिवळं कार्ड खिडकीवर दिलं, तर पोरीने कॉम्प्युटरवर नंबर टाकला आणि म्हणाली, "काका, सूक्ष्मफितीवर असेल, परवा या." परवा खरंच मिळालं. डोकं आणि कणा ३५ ग्रे, २१ बैठका. मागच्या भागाला आणखी १९.८. कोणत्या दिवशी सुरू, कोणत्या दिवशी संपलं, सगळं. तारीख वाचली आणि आठवलं, त्या दिवशी वडिलांनी धर्मशाळेतून पोस्टकार्ड टाकलं होतं. एवढंच लिहिलं होतं, "लाईट संपली. पेढे ठेवा."

आता स्टिरॉइड सुरू आहे, आठवड्याने थायरॉइडची गोळी. ऑपरेशन ऑगस्टमध्ये.

बाबूला सगळं समजावलं. सगळं ऐकून घेतलं त्याने. नेहमीप्रमाणे मिनिटभराने म्हणाला, "म्हंजे माझी चूक नव्हती." विचारलं नव्हतं त्याने, नुसतं सांगितलं. पुढे मला काही बोलता आलं नाही.

---

खाडीपलीकडची | १२ जुलै, रात्री १०:५०

🙏

कामाची माहिती देते, नाहीतर मीही रडत बसेन. टाटामध्ये बऱ्या झालेल्या मुलांसाठी 'अ‍ॅक्ट' नावाचा वेगळा बाह्यरुग्ण विभाग आहे. मोठे झालेलेही तिथे जातात. इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' हा आमच्यासारख्यांचा गट आहे. तिथे पहिल्यांदा माझ्याच उंचीच्या पाच बायका एका रांगेत बघितल्या आणि खूप हसले.

रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा ठरावीक तपासणीसाठी जाताना स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट माफ आहे, सोबतच्या माणसाला पाऊण सवलत. रुग्णालयाकडून छापील नमुन्यातला दाखला घ्यायचा. तपासणीलाही चालतं हे कोणी आपणहून सांगत नाही.

---

चिकूची_आई | १३ जुलै, सकाळी ११:००

पाणंद, तुमचं वाचून हिच्या शाळेत परत गेले. मागच्या वर्षी एक बाई म्हणाल्या होत्या, "मशीन लावलंय ना, मग आता काय?" या वेळी न्यूरोसायकॉलॉजीचा रिपोर्ट घेऊन गेले. त्यात स्पष्ट लिहिलंय, समज वयाप्रमाणे, वेग फार कमी. मुख्याध्यापकांनी बोर्डाचा अर्ज भरून घेतला. तासाला वीस मिनिटं जादा आणि हवा तर लेखनिक. चिकू लेखनिक नको म्हणतेय. "मला सगळं येतं, फक्त घाई करू नका."

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात ऐकण्याचं वेगळं मोजतात. 'मंद वेग' या नावाचा रकानाच नाही. कान चाळीस टक्क्यांत बसले म्हणून आमचं काम झालं. ज्यांचा फक्त वेग गेलाय त्यांनी काय करायचं? माझ्याकडे उत्तर नाही.

---

आबा_गुहागर | १३ जुलै, दुपारी ३:३०

नातवाचं ऑपरेशन झालं. लाईट सोमवारपासून. सुनेला सांगितलंय, डिस्चार्जच्या दिवशी डोसाचा कागद मागून घ्यायचा, तीन झेरॉक्स काढायच्या, एक प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या कपाटात. आमच्याकडेही वाळवी आहेच.

---

पाणंद | २० ऑगस्ट, संध्याकाळी ७:४०

धागा वर काढतोय, बऱ्याच जणांनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं म्हणून.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली, ग्रेड एक, म्हणजे साधी. भूलतज्ज्ञांनी आधीच स्टिरॉइडचं इंजेक्शन लावलं होतं. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, कॉर्टिसॉल करायला कोणी सांगितलं? मी म्हटलं, लांज्याच्या डॉक्टरांनी, मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या बाजूला तांदळाएवढा आणखी एक ठिपका आहे. दरवर्षी एमआरआय करून बघत राहायचं. हे मी आईला सांगितलेलं नाही, आणि ती हे संस्थळ वाचत नाही.

बाबूच्या खिशात आता एक कार्ड असतं: स्टिरॉइडवर आहे, ताप आल्यास डोस दुप्पट, उलट्या होत असल्यास इंजेक्शन. गोळी चुकवायची नाही हे त्याने मनावर घेतलंय. सकाळी साडेसातचा गजर वाजला की पहिल्यांदा मला उठवतो.

फेफऱ्याच्या गोळीने तो चिडचिडा झालाय. लेव्हेटिरासिटाम चालू आहे. कोणाचा अनुभव?

---

दवाखाना_लांजा | २० ऑगस्ट, रात्री ८:३०

छान बातमी. त्या गोळीने चिडचिड होते, नेहमीचा परिणाम आहे. मनाने बंद करू नका, न्यूरोलॉजिस्टला सांगा, पर्यायी औषधं आहेत. जागरण टाळा, झोप मोडली की फेफरं येऊ शकतं.

---

पाणंद | २० ऑगस्ट, रात्री ८:५२

आठवड्यावर गणपती आलेत, डॉक्टर! सात दिवस वाडीत घरोघरी भजनं, पहाटे तीनपर्यंत. आजच बुवा विचारून गेले, बाबू झांजेला येणार ना म्हणून.

---

दवाखाना_लांजा | २० ऑगस्ट, रात्री ९:०५

पहिल्या दोन घरांना जाऊ दे. दहाला घरी.